तोफ आणि तिचं शेपूट

शाळेतल्या मुलांनी गणिताच्या बाईंचं नाव 'तोफ' ठेवलं होतं, आणि बाईंना ते माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, मनातून आवडतही होतं. गणिताच्या बाई काय, गल्लोगल्ली असतात, तोफ एकच. तळमजल्यावरून त्यांनी "कोण पळतंय ते?" म्हटलं की तिसऱ्या मजल्यावरचा पळणारा जागच्या जागी थिजायचा, आणि त्याच्याबरोबर दोन-चार न पळणारेही. शेजारच्या कारखान्याचा भोंगा बिघडला तेव्हा खेळाचे सर म्हणाले, "बाई, जाता का चार दिवस बदलीवर?" बाई चहा ढवळत म्हणाल्या, "मालकाला विचारा, परवडेन का मी."

हा आवाज काही जन्मजात नव्हता. लहानपणी बाई अगदी मुळूमुळू बोलायच्या म्हणे. शाळेच्या वाटेवर दोन थोराड मुली रोज त्यांची वेणी ओढायच्या, दप्तर चिखलात टाकायच्या. एके दिवशी बाईंनी अशी काही किंकाळी फोडली की दुकानदार गिऱ्हाईकं सोडून रस्त्यावर आले. त्या मुली पुन्हा फिरकल्या नाहीत, आणि बाईंचा आवाजही पुन्हा खाली आला नाही. आवाज चढवला की अन्याय पळतो, हा त्यांचा समज त्या दिवशी पक्का झाला, आणि पुढे शिक्षिका झाल्यावर त्यांनी तो शाळाभर राबवला.

मधल्या सुट्टीत बाकीचे शिक्षक चहाला टेकायचे, तेव्हा बाई गस्त घालायच्या. पायात टाचांच्या चपला, हातात किल्ल्यांचा जुडगा आणि तोंडाचा पट्टा चालू. नव्या पालकांना त्या छातीठोकपणे सांगायच्या, "मी असताना इथे कुणी कुणाच्या केसालाही धक्का लावणार नाही." यात तिळमात्र खोटं नव्हतं. बाई जिथे असत तिथे खरंच कुणी लावत नसे.

मदतीला त्यांनी सातवीतली एक मुलगी मॉनिटर नेमली होती. पाठांतर चोख, वेण्या घट्ट, 'हो बाई' सदा तोंडावर. तिच्या खांद्यावरचा बिल्ला बाईंनी स्वतःच्या हाताने लावला होता, आणि तिच्या वडिलांना म्हणाल्या होत्या, "मी गेल्यावर शाळा कोण सांभाळेल याची मला चिंताच नाही."

दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला बाईंना शेपूट फुटलं.

तिसरीतली एक चिमुरडी. मधल्या सुट्टीची घंटा झाली की कुठून तरी उगवायची आणि बाईंच्या मागे दोन हातांचं अंतर ठेवून चालू लागायची. बाई थांबल्या की थांबायची, वळल्या की वळायची. डबासुद्धा चालता चालता खायची. "काय गं, काय हवंय?" असं विचारलं तर मान हलवायची. बोलताना ती अडखळते, पहिलं अक्षर तोंडात अडकून बसतं, म्हणून ती बोलतच नाही, असं तिच्या वर्गशिक्षिकेने सांगितलं.

शिक्षकांच्या खोलीत थट्टेला ऊत आला. "तोफेला गाडा मिळाला," खेळाचे सर म्हणाले. बाई वरवर करवादल्या, पण आतून सुखावल्या. ज्यांना बघून सगळी शाळा वाट बदलते, त्यांच्या मागे कुणीतरी आपणहून येतंय, ही काही लहान गोष्ट नव्हती. पोरीला आपला लळा लागला, असं त्यांनी घरी सासूबाईंनाही सांगितलं.

पण लळा लागला म्हणून काय, पोरीने खेळायला नको? एके दिवशी बाईंनी ठरवलं, लाड पुरे झाले. मैदानाच्या कडेला उभं राहून त्यांनी मॉनिटरला हाक मारली.

"हिला तुमच्यात खेळायला घे गं. माझ्या मागे फिरून म्हातारी होईल ही."

"हो बाई," मॉनिटर गोड हसली आणि तिने चिमुरडीचा हात धरला.

शेपटाने एकदा वळून बाईंकडे पाहिलं. बाईंनी मोठ्या प्रेमाने हात हलवला: जा, जा.

त्यानंतर शेपूट शाळेत दिसलंच नाही. आली ती तिची आई. ती इस्त्रीचं दुकान चालवायची. मनगटावर जुन्या चटक्यांचे डाग होते. मोठ्या सरांच्या खोलीत उभी राहून ती मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मागत होती. बाईंना तिथे बोलावून घेतलं.

"शाळेचं नाव काढलं की ओकते ती," आई म्हणाली. "कुणीतरी त्रास देतं. कोण ते सांगत नाही. सांगितलं तर जास्त करतील म्हणते."

"अहो, मग आधी यायचं माझ्याकडे!" बाईंचा आवाज चढला.

"तुमच्याकडेच पाठवली होती की." आईच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच ते जास्त लागत होतं. "मीच सांगितलं होतं तिला, सगळी शाळा ज्या बाईंना घाबरते ना, त्यांची पाठ सोडू नकोस. तिथे तुला कुणी हात लावणार नाही. खरंच नाही लावला, बाई, इतके दिवस. मग परवा रडत आली. म्हणाली, बाईंनीच मला त्यांच्याकडे पाठवलं. कोणाकडे, ते काही सांगेना."

पोर त्यांच्या मागे लळ्याने फिरत नव्हती, आडोशाला उभी होती. आणि तो आडोसा त्यांनी स्वतःच्या हाताने काढून घेतला होता. तिला मॉनिटरकडे दिलं तेव्हा तिथे आणखी चार-पाच मुली होत्या. त्यांतलीच एखादी असणार, असं त्यांना वाटलं. मॉनिटरवर त्यांचा तेव्हाही संशय गेला नाही.

आई बाहेर गेल्यावर मोठे सर खुर्चीत सैलावले. शाळेत भांडण नको, वर्तमानपत्र नको, एवढंच त्यांचं मागणं असायचं. "जाऊ दे बाई. दुसऱ्या शाळेत रमेल ती. सुंठीवाचून खोकला गेला."

"खोकला नाही गेला सर," बाई म्हणाल्या. "खोकणारी गेली. खोकला इथेच आहे."

आणि धावत जाऊन त्यांनी फाटकाशी आईला गाठलं. "या शनिवारपर्यंत थांबा. तिला पाठवा. शनिवारी मी तुमच्या दुकानात येईन. तिचं इथे राहणं जमणार नसेल तर दाखला मीच हातात देईन."

आई फाटकातच थांबली. "तुमच्यावर भरवसा ठेवूनच पाठवली होती, बाई," ती म्हणाली. पण पाठवते असं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी शाळा मैदानात रांगेत उभी होती तेव्हा तोफ डागली गेली. कोण आहे, पुढे या! लहान पोरीला छळता, लाज नाही वाटत? छपरावरची कबुतरं उडाली. पहिलीतली दोघं-तिघं उगाचच रडू लागली. मॉनिटर रांगेच्या पुढे हात बांधून उभी होती आणि बाईंच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती. पुढे मात्र कुणी आलं नाही. बाई आणखी ओरडल्या, आणखी, आणि एका शब्दाच्या मधोमध आवाज तुटला. नंतर नुसती हवा.

डॉक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी. अजूनही त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभा राहायचा. "बाई, रागावू नका, पण आठवडाभर एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही." बाईंनी डोळे वटारले. "वटारायला हरकत नाही," तो म्हणाला.

त्या दिवशी बाई दुपारीच घरी निघाल्या. एरवी गल्लीच्या वळणावरूनच त्यांची हाक घुमायची, "आई, आले हो!" आज हाक नाही. किल्लीने दार उघडून त्या आत गेल्या तर सासूबाई पलंगावर मांडी घालून बसलेल्या, मांडीवर क्रीमच्या बिस्किटांचा डबा, गाल फुगलेले आणि अंगावर चुरा. सासूबाईंना मधुमेह. घरात साखरेचा कण येऊ देत नाही, असं बाई चारचौघांत अभिमानाने सांगत असत.

"अगं बाई!" सासूबाईंचा घास घशातच राहिला. "हाक न मारता आलीस होय?"

बाईंनी घशाकडे बोट दाखवलं. सासूबाईंना परिस्थिती कळली आणि मग त्यांना हसू आवरेना. "आता सापडलेच आहे तर सांगते. तुझा आवाज वळणावर ऐकू येतो ना, तिथून तू जिना चढून येईपर्यंत माझं खाऊन होतं, तोंड पुसून होतं, डबा उशीच्या खोळीत जातो. इतक्या वर्षांत सापडले कधी? देवाने तुला आवाज दिला तो माझ्या सोयीसाठी गं!"

बाई मटकन पलंगावर बसल्या.

"रागावलीस?"

बाईंनी नाही म्हणून मान हलवली. त्यांना मैदान दिसत होतं, व्हरांडा दिसत होता, आपल्या चपला आणि किल्ल्या आणि आपलं ओरडणं. त्या मैदानावर असल्या की त्या जिन्यात नाहीत, हे सगळ्या शाळेला ऐकू येत होतं. जिन्याकडे निघाल्या की तेही. इतकी वर्षं त्या पहारा देत होत्या आणि पहारेकरी आत्ता कुठे आहे याची दवंडीही स्वतःच पिटत होत्या. त्यांना आधी भयंकर लाज वाटली. मग त्यांनी डब्यातलं एक बिस्कीट खाल्लं, आणि डबा उचलून नेला. लाज आपल्या जागी, मधुमेह आपल्या.

दुसऱ्या दिवशी बाई कापडी बूट घालून शाळेत आल्या. किल्ल्या खणातच ठेवल्या. फाटकापाशी इस्त्रीवाल्या आईचा हात धरून शेपूट आलं होतं. बाईंना बघून त्याने मान खाली घातली. मधल्या सुट्टीत बाई वर्गाबाहेर उभ्या राहिल्या, पण ती पोर त्यांच्या मागे आली नाही. का यावं तिने? बाईंना हे कळत होतं, तरी त्या वळून वळून मागे बघत होत्या. तेवढ्यात मॉनिटर हसत आली, बाईंना नमस्कार केला, चिमुरडीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला घेऊन गेली. चिमुरडीची पाठ त्या हाताखाली ताठ झाली. इतकी साधी गोष्ट. बाईंनी ती आज पहिल्यांदा पाहिली.

त्या मागून निघाल्या. मैदान नाही, व्हरांडा नाही. मागच्या जिन्याखाली मोडक्या बाकांची खोली होती, तिथे. दार लोटलेलं. आतून आवाज आला आणि बाई दचकल्या, कारण तो त्यांचाच होता. तोच ताल, तीच धार.

"मोठ्याने! शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं पाहिजे! नाव काय तुझं? एका दमात. अडलीस की पहिल्यापासून!"

त्या आवाजामागे दोघींचं हसणं. आणि एक अक्षर, पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा तेच.

बाईंनी दार ढकललं. चिमुरडीला मोडक्या बाकावर उभं केलं होतं. समोर दोन मुली आणि बिल्लेवाली मॉनिटर. ती क्षणभर पांढरी पडली, मग सावरली. "बाई, आम्ही हिला बोलायला शिकवत होतो."

कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि कुंपण बाईंनीच घातलं होतं. सगळा दारूगोळा त्यांच्या घशापर्यंत आला आणि तिथेच अडकला. तोंड उघडलं तर नुसती घरघर. आयुष्यात पहिल्यांदा अन्याय समोर उभा होता आणि आवाज नव्हता. काय करावं ते त्यांना खरोखर सुचेना. मग त्यांनी चिमुरडीला उचलून खाली घेतलं, त्या धुळीच्या बाकावर स्वतः बसल्या, तिला शेजारी बसवलं आणि आपल्या कानामागे हात धरला. सांग, मी ऐकते.

चिमुरडीने दाराकडे पाहिलं, तिघींकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मग सुरुवात केली. पहिलं अक्षर अडकलं. पुन्हा अडकलं. मुलांची उत्तरं पुरी व्हायच्या आत स्वतःच पुरी करणाऱ्या बाई आज नुसत्या बसून राहिल्या. मान डोलावली नाही, ओठ हलवून सुचवलं नाही. सुट्टी संपल्याची घंटा झाली. कुणी हललं नाही. त्या तिघींनाही उभं राहून ऐकावंच लागलं. शेवटी नाव आलं. त्यामागून आडनाव आलं, तेही अडखळत, पण अख्खं.

तिने नाव सांगितलं म्हटल्यावर आपणही सांगायला हवं, असं बाईंना वाटलं. डॉक्टरला मनातल्या मनात रजा देऊन त्यांनी आपलं नाव सांगायला घेतलं. पहिल्या अक्षरावर आवाज फाटला. पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला.

चिमुरडी डोळे मोठे करून बघत राहिली. "बा-बाई, तु-तुमचं पण अडकतं?"

बाईंनी हो म्हणून मान हलवली.

"सा-सावकाश," ती म्हणाली, आणि तिने बाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला.

बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही. उठून त्यांनी मॉनिटरच्या खांद्यावरचा बिल्ला काढला. त्यांनी तो नीट काढला, पोरीच्या कपड्याला भोक पडू न देता.

मॉनिटरचे वडील दुपारीच आले. मोठ्या सरांनी त्यांना चहा मागवला. वडील म्हणाले, "मुलींची मस्करी हो. एवढं काय त्यात?" मोठे सर सवयीने मान डोलावणार होते, तेवढ्यात बाई बोलल्या. इतक्या हलक्या आवाजात की सगळ्यांना पुढे वाकावं लागलं, आणि कपबशीचासुद्धा आवाज थांबला.

"मस्करीत दोघं हसतात," बाई म्हणाल्या. "आणि तुमच्या मुलीने ओरडणं माझ्याकडून उचललंय. तेवढा वाटा माझा, तो मी फेडीन. बाकीचा तुमचा नि तिचा."

मोठ्या सरांनी पुढे कबूल केलं की तोफेच्या गोळ्यापेक्षा ती कुजबुज त्यांना जास्त लागली. निदान त्यानंतर त्यांनी सुंठीचं नाव काढलं नाही. तिघी मुलींच्या घरच्यांना बोलावून सगळं सांगितलं गेलं, इस्त्रीवाल्या आईच्या समोर. त्या सत्रातली मधली सुट्टी तिघींनी बाईंच्या शेजारी बसून काढली. तिथे एकदा मॉनिटर रडत म्हणाली, "तुम्ही पण वर्गात असंच ओरडता, तेव्हा कुणी काही म्हणत नाही." बाईंनी ते तिला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग म्हणाल्या, "म्हण तू. आजपासून मला म्हणायचं." सुताराला बोलावून जिन्याखालच्या खोलीचं दार बिजागरीसकट काढून टाकलं. आणि शिक्षकांचा चहा खोलीतून बाहेर निघाला: कुणी पाण्याच्या टाकीजवळ, कुणी जिन्यात, कुणी मैदानामागे. कुरकुर झालीच. पण खेळाचे सर आपला कप घेऊन सगळ्यांत आधी जिन्याखाली जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "गाडा म्हणून हसलो होतो मी. कुठे उभं राहायचं तेवढं सांगा."

शनिवारी बाई इस्त्रीच्या दुकानात गेल्या. आई शर्टाची कॉलर दाबत होती. तिने मान वर करून विचारलं, "आणलात दाखला?"

बाईंनी दोन्ही हात उघडे करून दाखवले. रिकामे.

आईने इस्त्री उभी ठेवली आणि मनगटाने डोळे पुसले. "हिचं हल्ली काय चाललंय बघा," ती म्हणाली, "रात्री बडबड थांबत नाही हिची. एकेक वाक्य ऐकायला अर्धा तास." असं म्हणताना ती हसत होती.

शेपूट परत आलं. पण आता ते मागून नाही, बाजूने चालायचं, आणि वाटेत बाईंना काहीबाही सांगायचं. बाईंची चाल त्यामुळे निम्म्यावर आली. घसा बरा झाला, आवाज परतला, पण कापडी बूट काही पायांतून निघाले नाहीत. सासूबाईंची मात्र पंचाईत झाली. त्यांनी उशीची खोळ सोडून दुसरी जागा शोधली आहे असा बाईंना दाट संशय आहे.

आणि मग एके दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी बोलता बोलता बाजूला पाहिलं, तर कुणी नव्हतं. मागेही कुणी नव्हतं. त्या जिन्याकडे धावल्या. तिथे खेळाचे सर शांतपणे चहा पीत होते. त्यांनी कपानेच मैदानाकडे खूण केली.

मैदानावर चेंडूने गडी बाद करायचा खेळ रंगला होता. बाई बघत होत्या, तेवढ्यात भांडण पेटलं. घोळक्याच्या मधोमध चिमुरडी कमरेवर हात ठेवून उभी होती, चेहरा लालबुंद.

"म-म-मी... म-मी... आउट नाही!"

तिच्या दुप्पट उंचीची मुलं-मुली तिचं वाक्य संपेपर्यंत थांबली. कुणी हसलं नाही. कुणी पुरं करून दिलं नाही. मग सगळी एकदम तिच्यावर तुटून पडली, आउट आहेस, आउट आहेस, आणि तिनेही मागे न हटता पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तिचा आवाज आता कारखान्यापर्यंत जात असावा.

चेंडू तिच्या पायाला लागलेला बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. ती साफ आउट होती. धडधडीत खोटं बोलत होती, आणि तेही चारचौघांत, छाती काढून.

बाईंचा ऊर अभिमानाने भरून आला. त्यांनी अवाक्षर काढलं नाही, आणि एकट्याच पाण्याच्या टाकीकडे चालू लागल्या.